चकमकीचं पिस्तूल आणि माझा उजवा तळहात

खापर, बुधवार

ब्राह्मणपुरीचे आमचे शाळूसोबती, निवृत्त हवालदार दोधूभाऊ यांना अजीजचा सलाम आणि रामराम, दोन्ही पोचावेत. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल, रंजनाबाईंची साखर आटोक्यात असेल आणि पपईवर यंदा रोग पडला नसेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही जिवंत आहोत. हे वाक्य लोक सवयीने लिहितात, मी खात्री करून घेऊन सांगतो आहे. अक्षर पाहून चमकू नका. माझा उजवा हात सुजून पुरीसारखा झालाय, म्हणून मी बोलतो आणि अख्तरबानो लिहिते. (दहावीला मराठीत तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते, हे ती अजून विसरलेली नाही.) फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर जो शब्द बोलावा लागला असता तो बोलायची छाती होत नाही. कोण कुठे ऐकत असेल सांगता येत नाही. कागद तरी बहिरा असतो.

तो शब्द म्हणजे पिस्तूल.

तुम्ही घाबरू नका, तेवढं काम मी एकट्याने पुरं केलंय. आमच्या बाजारातले कापडवाले पुखराजशेठ तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांच्या अंकितचं लग्न शहाद्याला ठरलंय. नवरदेवाच्या कमरेला तलवार असते, पण शेठ म्हणाले, "तलवार ते समदाच लावतस, अजीजभाई." म्हणून दुकानाच्या भिंतीवर दीड वर्ष टांगलेलं चकमकीचं पिस्तूल त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवलं. जुन्या काळच्या, गारगोटीच्या ठिणगीने बार उडणाऱ्या पिस्तुलासारखं दिसणारं, पण आत्ताच्या कारखान्यातलं, शोभेचं. मुठीला पितळी टोपी, चापाभोवती वेलबुट्टीची कमान, नळीवर नक्षीचं कडं, एवढं काम. मी आयुष्यभर देवळांच्या घंटा आणि बँडवाल्यांचे कर्णे दुरुस्त केले, घोडा नि चाप असलेली वस्तू कधी हातात धरली नव्हती. शेठ म्हणाले, खोटं आहे, नळी बुजवलेली आहे. मी डोकावलो तर तोंडापासून बोटभर आत खरंच घट्ट माती बसलेली. कारखान्यानेच बुजवली असेल, असं समजून मी निश्चिंत झालो. (निश्चिंत म्हणजे, फक्त दिवसातून तीनदा तपासत होतो.)

खरी भीती पिस्तुलाची नव्हती, ते कुणाच्या नजरेला पडेल याची होती. दोधूभाऊ, तुम्ही पोलिसात होतात म्हणून तुम्हालाच सांगतो. अजीज नावाच्या माणसाच्या बाकावर पिस्तूल दिसलं, तर ते शोभेचं आहे हे सिद्ध होईपर्यंत बरंच काही होऊन जातं. टोपी ठोकताना दार लावून घ्यायचो. दार लावलं की वाटायचं, दार का लावलंय असं लोक विचारतील. मग उघडायचो. शेजारी विचारायचे, काय करताय? मी म्हणायचो, घंटा. पाच दिवस एकच घंटा कोण करतं? सहाव्या दिवसापासून त्यांनी विचारणंच बंद केलं, आणि त्याने तर माझी झोप उडाली.

गेल्या गुरुवारी सकाळी शेवटचं काम राहिलं होतं, नळीवरच्या कड्याला डाख द्यायचा, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधा पक्का करायचा. पिस्तूल शिकंज्यात आवळलं, नळीचं तोंड आतल्या दाराकडे आलं, आणि गॅसची बत्ती लावली. कडं तापलं, डाख वितळून कडेने छान पसरला, आणि नळीच्या आतून आवाज यायला लागला. आधी बारीक, मग भुणभुण, मग वात जळत जावी तसा चढत चाललेला. मला एका क्षणात सगळं उमगलं. ती माती नव्हती, तो ठासलेला बार होता, आणि मी त्याखाली जाळ धरला होता.

बत्ती मी विझवली की फेकली, आठवत नाही. ओरडायला तोंड उघडलं, आवाज नाही. नेमकी त्याच वेळी अख्तरबानो आतल्या दारातून चहा घेऊन आली आणि थेट नळीसमोर उभी राहिली. माझा चेहरा पाहून तिला वाटलं, छातीत कळ आली. बाजूला व्हायचं सोडून ती सरळ माझ्याकडे धावली, म्हणजे पिस्तुलाकडेच. नळीच्या तोंडातून मातीचा कण निसटला. मी उठायला गेलो, पाय स्टुलात अडकला, तोल गेला आणि माझा उजवा तळहात नळीच्या तोंडावर जाऊन पडला. त्याच क्षणी काहीतरी तळहातात घुसलं, आग आग झाली. मी ओरडलो, "लागनी! गोळी लागनी!" आणि खाली कोसळलो.

आमच्यापासून तिसऱ्या घरात चेतना राहते, पोलिसात आहे, त्या दिवशी तिची सुटी होती. ती ओल्या केसांनीच धावत आली. पिस्तूल पाहून दारातच थबकली. तेवढा वेळ दोधूभाऊ, मी जखम विसरलो आणि मनातल्या मनात वकील शोधत होतो. ती म्हणाली, "काका, गोळी कोठे लागनी?" मी हात पुढे केला. रक्त नाही, छिद्र नाही, नुसता एक लाल ठिपका आणि त्याभोवती फुगत चाललेला तळहात. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "काका, हाई गोळी उडी ऱ्हायनी!" छपराखाली एक मातीचं घर बांधणारी माशी घिरट्या घालत होती. शेठच्या भिंतीवर दीड वर्ष टांगलेल्या नळीत तिने घर केलं होतं, आणि मी ते भट्टीवर ठेवलं होतं.

चेतना हसली, मग गल्ली हसली, संध्याकाळपर्यंत खापर हसलं. शेठ स्वतः येऊन काम पाहून खूश झाले, आणि स्वतः लग्नाच्या खरेदीला निघाल्यामुळे वस्तू शहाद्याला त्यांच्या आईच्या घरी पोचवा म्हणून सांगून गेले. मी मात्र तेव्हापासून बाकाला हात लावलेला नाही. वस्तू पलंगाखालच्या लोखंडी पेटीत आहे, किल्ली अख्तरबानोकडे. मी पेटीकडे पाठ करून जेवतो, पाठ करून झोपतो, तरी मानेमागे काहीतरी रोखलंय असं वाटत राहतं.

बाकी सर्व क्षेम. रंजनाबाईंना आठवण सांगावी.

तुमचा,
अजीज

ता. क. मूळ गोष्ट राहिली. ती वस्तू एसटीने शहाद्याला न्यायची आहे. तुम्ही शुक्रवारी खाकी पँट घालून याल का? निवृत्त झालात तरी मिशा निवृत्त झालेल्या नाहीत. पिशवी तुमच्या मांडीवर असेल, मी दोन बाकं मागे, अनोळखी माणसासारखा बसेन.

ता. क. दुसरा. भाऊजी, हे मी माझं लिहिते आहे, यांना वाचून दाखवणार नाही. पेटी रिकामी आहे. बहिणीकडे जाते सांगून सोमवारी मीच एसटीने वस्तू नेली, वर मेथीच्या दोन जुड्या ठेवून. मला भीती वाटली नाही असं नाही. तळोद्यापर्यंत पिशवी मांडीवरून हलवली नाही. शेठच्या आई दाखूबाईंनी ती पदराने पुसून कपाटात ठेवली आणि मेथीही ठेवून घेतली. यांना अजून सांगितलेलं नाही, कारण तुम्ही यायला हवे आहात. हे हल्ली कुणाशी बोलत नाहीत. आणि ते स्टुलाचं खरं नाही. स्टूल त्या दिवशी अंगणात होतं, मी त्यावर पापड वाळत घातले होते. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपणहून नळीच्या तोंडावर हात ठेवला. शुक्रवारी जेवायलाच या.