वॉल्टरचा उजवा खांदा

४ मार्च २००७, रविवार

सकाळपासून डोकं तापलंय. शेजारच्या वॉल्टरना पोळ्या आणि बटाट्याची भाजी द्यायला गेले, तर ते किचनच्या टेबलाशी बसलेले, समोर अमेरिकेतून आलेलं पाकीट. महिन्याला दोन-तीन तरी येतात. आत त्यांचं, खेळाडू असतानाचं, फोटो छापलेलं जुनं बेसबॉल कार्ड, सही करून परत पाठवा अशी विनंती, आणि परतीच्या पाकिटावर अमेरिकन स्टँप. ते इथे इंग्लंडात, लेस्टरला, चालत नाहीत हे त्या लोकांच्या डोक्यातच येत नाही. वॉ. निमूटपणे स्वतःचे स्टँप लावून पाठवतात.

आज सोबत एक प्रिंटआउट होता. कुठल्याशा वेबसाइटचा. जुन्या कार्डांवरचे, आता कोणाला आठवत नसलेले खेळाडू, प्रत्येकावर एक परिच्छेद, सगळं गमतीत. वॉ.वर पाच ओळी. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवर, चार मॅचेस, हरला दोन, जिंकला शून्य. पुढे: ‘डॉक्टरांना याच्या हातात कधीच काही सापडलं नाही. हात दुखायचा तो समोरचे धुवायला लागले की.’

वर पाठवणाऱ्याची पिवळी चिठ्ठी: वाचून मजा येईल तुम्हाला.

वॉ. म्हणाले, “लिहितो बरा.” आणि सहीसाठी पेन शोधायला लागले.

शहात्तर वर्षांचा माणूस. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. कप सगळे खालच्या फळीवर. केस डाव्या हाताने विंचरतात. नऊ वर्षं शेजारी राहतेय, धंद्याने फिजिओ आहे, मला दिसत नाही होय. म्हणे मजा.

७ मार्च, बुधवार

क्लिनिकला बेलग्रेव्ह भागातल्या एक गुजराती बेन. वीस वर्षं शिवणाच्या मशीनवर, दोन्ही खांदे गेलेले. रेफरलच्या पत्रात ओळ: पेशंट सांगते तेवढं तपासणीत आढळत नाही. माझ्याआधी कोणी हात उचलून बघितला होता की नाही कोण जाणे. मी उचलला, बाईच्या डोळ्यांतून पाणी.

हे वाक्य नागपूरला ऐकलं, इथे रोज ऐकते, आणि वॉ.नी पन्नास वर्षांपूर्वी ऐकलं. शब्द फक्त बदलतात.

घरी नवऱ्याला, मिलिंदला, सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला, “तू प्रत्येक पेशंट घरी आणतेस.” वॉ. पेशंट नाहीत. शेजारी आहेत. जेवले नाही त्याच्याबरोबर.

११ मार्च, रविवार

वॉ. स्वतःच आले. जानेवारीत बागेत पडले होते, त्याच्या स्कॅनचं पत्र आलंय, वाचून दाखव म्हणाले. वाचता येतं की त्यांना. पण बायको, जीन, गेल्यापासून हॉस्पिटलचं पाकीट एकट्याने उघडत नाहीत.

पत्र: खांद्याचे स्नायू हाडापासून पूर्ण तुटलेले. फार जुनं. स्नायूची चरबी झालेली. ऑपरेशनचा उपयोग नाही.

मी विचारलं, कधी झालं हे. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. मग सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या गावातले. वडील खाणीत. अठराव्या वर्षी करार झाला. पिचर, म्हणजे आपल्या बोलरसारखं. पाच वर्षं मायनर लीग, म्हणजे खालच्या दर्जाचे संघ, या गावातून त्या गावात, बसमध्ये झोपायचं. सप्टेंबर ५४ ला वर, मेजर लीगमध्ये, बोलावलं, चार मॅचेस. तेवढ्यावर कार्ड निघालं. पुढच्या वसंतात कार्डं दुकानात आली तेव्हा हे पुन्हा खाली मायनरमध्ये. कार्डाच्या मागे छापलंय, ‘यंदा वॉल्टर संघात जागा पक्की करील.’ फोटोतली टोपीसुद्धा खरी नाही, रंगवलेली.

त्याच वसंतात खांदा दुखायला लागला. टीमचा डॉक्टर म्हणाला काही मोडलेलं नाही. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, दुखणं खांद्यात नाही, डोक्यात आहे.

“मग गसने सुई दिली,” वॉ. म्हणाले. गस म्हणजे टीमचा ट्रेनर. माझाच धंदा. “सुई दिल्यावर काही कळत नव्हतं. नऊच्या नऊ इनिंग टाकल्या. आठव्या इनिंगला आत ओलं फडकं फाटावं तसा आवाज आला. दुखलं मात्र नाही.”

पुढच्या वर्षी नारळ. हॉटेलच्या खोलीच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली. मग इकडे अमेरिकन एअरबेसवर मेकॅनिकची नोकरी, होजिअरीत काम करणारी जीन, लग्न, लेस्टर.

मी चहा विसरले होते. ते नाही. ते म्हणाले, “चहा गार झाला तुझा.”

बधिर करून फाटेपर्यंत टाकायला लावलं. एका ट्रेनरने. दुखणं हीच शरीराची सूचना असते, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात.

१८ मार्च, रविवार

वॉ.ना म्हटलं, त्या वेबसाइटवाल्याला लिहा. पत्राची कॉपी जोडा.

“कशाला.”

“कारण खोटं लिहिलंय.”

“वसुधा, ते वाचणारे साठ लोक असतील.”

“साठ लोक तुम्हाला पळपुटा समजतात.”

“त्यांनी काय समजायचं ते समजू देत. तू यात पडू नकोस.”

अगदी स्पष्ट म्हणाले. पडू नकोस. हे इथे लिहून ठेवते, कारण नंतर मी म्हणेन की त्यांनी नीट सांगितलं नव्हतं.

मला त्यांचाही राग आला. सोसत राहणं म्हणजे फार मोठेपणा वाटतो या पिढीला. बाबांचं तेच होतं.

२० मार्च, मंगळवार

पाठवली ईमेल. लंच ब्रेकमध्ये, एका दमात. वेबसाइटवाल्याचं नाव टेड.

लिहिलं की मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्कॅनचा रिपोर्ट स्वतः वाचलाय, ही इजा पन्नास वर्षांपूर्वीची आहे. ट्रेनर गस याने इंजेक्शन देऊन जखमी माणसाला खेळवलं. आजच्या काळात त्याचं लायसन्स गेलं असतं. आणि तुम्ही त्या माणसावर विनोद करताय.

पाठवल्यावर हलकं वाटलं. मि.ला सांगितलं नाही. वॉ.ना तर नाहीच.

२५ मार्च, रविवार

टेडचं उत्तर. फार आनंदात आहे. काय जबरदस्त स्टोरी, थँक यू, जुना मजकूर आजच काढतो. रिपोर्टमध्ये तारीख दिलीय का, असं एका ओळीत विचारलंय.

नाही दिलेली. ‘फार जुनं’ एवढंच आहे. स्कॅनवरून साल सांगता येत नाही, हे मला माहीत आहे. पन्नास वर्षं मी लिहिलं, रेडिओलॉजिस्टने नाही. एरवी कोणी ज्युनिअरने असा रिपोर्ट लिहिला असता तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

साइट उघडली. नवीन मजकूर कधीच लावलाय. मोठा मथळा: ‘ज्या पिचरचा हात ट्रेनरने संपवला.’ माझी ईमेल अख्खी खाली. मी ‘त्यांची भारतीय नर्स’. गसचं पूर्ण नाव, कुठून शोधलं कोणास ठाऊक.

हे छाप असं मी म्हटलं नव्हतं. छापू नको असंही म्हटलं नव्हतं.

१ एप्रिल, रविवार

वॉ.कडे गेले, सांगायचं ठरवून. ते बागेत वाटाणे लावत होते, डाव्या हाताने. मी दोरी धरली. हवापाण्याच्या गप्पा मारून परत आले. भित्री.

८ एप्रिल, ईस्टर

टेडने एक ईमेल पुढे पाठवलीय. गसच्या मुलीची. कॅरल नाव, वय असेल साठच्या पुढे.

तिचं एक वाक्य जसंच्या तसं डोक्यात बसलंय. माझे वडील या माणसाची आठवण काढून रडायचे, आणि तुमच्या नर्सने त्यांना राक्षस केलं. तिच्या नातीने शाळेच्या कामासाठी पणजोबांचं नाव कॉम्प्युटरवर टाकलं, तेव्हा पहिलं हेच आलं.

पहिल्यांदा मी चिडलेच. वडील रडले म्हणून सुई दिली नाही असं होत नाही. मि.ला शेवटी सगळं वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं.

“तू वॉल्टरना विचारलं होतंस?”

“नाही.”

“त्यांनी नको म्हटलं होतं?”

मी कॉम्प्युटर बंद केला. तो उठून भांडी विसळायला लागला. पुढे काही बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

१४ एप्रिल, शनिवार

सांगितलं. प्रिंटआउट पुढे ठेवले, साइटचा आणि कॅरलच्या ईमेलचा. चष्मा लावून वॉ.नी सावकाश वाचलं. कॅरलचं पान वाचताना ओठ हलत होते.

मग म्हणाले, “गस नको म्हणाला होता.”

मला कळेना.

“तीन दिवस नको म्हणाला. हा हात गेला तर परत येणार नाही, घरी जा, ऑक्टोबरपर्यंत बॉलला हात लावू नकोस, असं सांगत होता. मी त्याची कॉलर धरली. तू देत नसलास तर गावातल्या घोड्यांच्या डॉक्टरकडून घेतो म्हणालो. मॅनेजरला दाखवायचं होतं मला, डोक्यात दुखतं की कुठे. मग त्याने दिली.”

“मला तुम्ही म्हणालात, गसने सुई दिली.”

“दिलीच ना. खोटं कुठे बोललो.”

“अर्धंच सांगितलंत.”

“तुला सांगितलं. जगाला नाही.”

तरी मी सुनावलं. तुम्ही चोविसाव्या वर्षी काय मागितलंत याला अर्थ नाही, द्यायचं की नाही हे त्याच्या हातात होतं, पेशंट मागतो म्हणून आम्ही देत नाही. माझा आवाज चढलेला मलाच ऐकू येत होता.

त्यांनी चष्मा काढला. “मॅनेजरने सगळ्यांसमोर ठरवलं मला काय होतंय ते. मग या टेडने. मग तू. मला विचारायला कोणी आलं नाही. गस आला होता. तो एकटा.”

पत्र द्या म्हणाले. त्यांचं स्कॅनचं पत्र अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये होतं. आणून दिलं. दार त्यांनी लावून घेतलं, हळूच. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

१८ एप्रिल, बुधवार

वॉ.कडे दोनदा बेल वाजवली. टीव्हीचा आवाज येत होता. भाजीचा डबा पायरीवर ठेवला. संध्याकाळी तसाच.

टेडला लिहिलं, सगळं काढून टाक, माझी ईमेलही. त्याचं उत्तर: आता लोक एवढं वाचतायत, काढणं बरोबर वाटत नाही, पण दोन्ही बाजू देतो. कसल्या दोन बाजू. एक मेलेला माणूस आणि एक दार न उघडणारा.

असला राग आलाय की क्लिनिकमध्ये एका पेशंटला उगाच तोडून बोलले. नंतर माफी मागितली. तो बिचारा म्हणाला, इट्स ऑल राइट लव्ह.

२२ एप्रिल, रविवार

दोन बाजू लागल्या. वर माझी, खाली कॅरलची. त्याखाली लोकांचे शेरे. एक म्हणतो पिचरच खोटारडा, म्हातारपणी प्रसिद्धी हवीय. एकाने जुनी पाच ओळींची गंमत पुन्हा चिकटवलीय. म्हणजे तीही परत आली. आधी पाच ओळी होत्या. आता चार पानं आहेत, आणि त्यात वॉ.चं स्वतःचं एक अक्षर नाही.

मि. म्हणाला, “कॅरलला तू लिही. तुझ्या नावाने. तुझी चूक तुझी म्हणून.”

लिहिलं. मला माहीत नव्हतं ते मी माहीत असल्यासारखं लिहिलं, साल मी ठरवलं, तुझ्या वडिलांवर न विचारता आरोप केला. पाठवली. उत्तर नाही. यायलाच पाहिजे असंही नाही.

गसने नको म्हटलं होतं, हे मात्र लिहिलं नाही. ते माझं नाही सांगायचं. एवढं शिकले, पण किती उशिरा.

२९ एप्रिल, रविवार

दुपारी वॉ. दारात. बूट पुसून आत आले, मि.ला हॅलो म्हणाले, माझ्याकडे बघितलं नाही. खिशातून घडी केलेला कागद काढला. म्हणाले, मला टाइप करता येत नाही. त्या बाईला पाठवायचंय.

मि. वर निघून गेला. मी कॉम्प्युटरशी, ते शेजारच्या खुर्चीत.

सांगत गेले, मी टाइप करत गेले. डिअर कॅरल. तुझे वडील माझ्या ओळखीतले सर्वांत चांगले ट्रेनर होते. उन्हाळ्यात बसमध्ये ते माझ्या खांद्याला बर्फ लावून बसायचे, स्वतःची झोप मोडून. त्यांनी मला तीन दिवस अडवलं. मी ऐकलं नाही.

मग कागदावर पुढची ओळ होती ती वाचेनात. मला दिसत होती. सुई मी मागितली, त्यांच्या गळ्याशी हात घालून.

मी म्हटलं, मी टाइप करू का, तुम्ही वाचू नका. लगेच कळलं की पुन्हा तेच करतेय.

“नाही,” म्हणाले. “मला म्हणू दे.”

म्हणाले नाहीत. दहा मिनिटं. मला इतका राग आला, एका ओळीसाठी. तिकडे ती बाई वाट बघत असेल, नात शाळेत जात असेल. तोंडाशी आलेलं गिळलं. कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले.

शेवटी कागदाची घडी करून खिशात घातली. “आज इतकंच. ते राहू दे तसंच.”

“सेव्ह करते.”

“पाठवू नकोस.”

“नाही पाठवणार.”

पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, खरं बोलतेय का ते बघायला. पटलं की नाही, कळलं नाही. उठताना टेबलाचा आधार उजव्या हाताने घ्यायला गेले, हात दगा देऊन घसरला, मी पुढे झाले, त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं.

दाराशी म्हणाले, गुरुवारी येऊ का, तुझी सुट्टी असते ना.

मी दार उघडून धरलं. यायचं की नाही ते त्यांनीच ठरवायचं. ते गेले. ईमेल ड्राफ्टमध्ये आहे, ‘मी ऐकलं नाही’पर्यंत.