दोन डाव्या बाह्या

३ मार्च

आज पुन्हा मशीनवर बसले. ताईला जाऊन महिना व्हायला आला. कोटांना काजं करून देणारी काजवाली दारातूनच म्हणाली, "एवढ्यात?" मग काय करू, भिंतीकडे बघत बसू? तेही करून पाहिलं. भिंतीला काही फरक पडत नाही.

ताई वरच्या मजल्यावर कापड बेतायची, मी खाली शिवायची. हॉटेलच्या आचाऱ्यांचे पांढरे कोट. तिचा संसार झाला, माझा मोडला, पण ही वाटणी मोडली नाही. तिनं कधी मशीनला पाय लावला नाही, मी कधी तिच्या कात्रीला हात लावला नाही. लावायचाही नाही.

सकाळी भाऊजी एक गठ्ठा घेऊन खाली आले. पाठ, पुढचे भाग, बाह्या, कॉलर — सगळं कापून चिंधीनं बांधलेलं. "दवाखान्यात जायच्या आधी बेतून ठेवलंय तुझ्या बहिणीनं," म्हणाले. अजून आहेत का, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

५ मार्च

भाऊजींना सांगून टाकलं. ताईच्या हातचं आहे तोवर शिवीन. ते संपलं की मशीनवर झाकण. हॉटेलवाले बघतील दुसरा शिंपी.

"हं," म्हणाले. जन्मभर बस चालवली माणसानं, बोलायचं काम कंडक्टरवर सोडलेलं.

९ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे गेले. झोप नाही, चक्कर येते, परवा सुई बोटात गेली तरी शिवण लाल झाल्यावर कळलं. वाटलं, गोळ्या देतील. तर म्हणे, "सकाळी फिरायला जा. वेळेवर जेवा. रोज कुणाशी तरी दोन शब्द बोला. आणि रडू आलं तर अडवू नका."

हे तर आमची आईसुद्धा सांगायची. आणि रडू येत असतं तर कशाला मरायला तुमच्याकडे आले असते? एवढं तोंडावर बोलले नाही. बोलायला हवं होतं.

१० मार्च

काल चहाबरोबर भाऊजींना डॉक्टरीणबाईंची गंमत सांगितली, तीच चूक झाली. आज उजाडतंय तोच दारात हजर. "ऊठ टाचणे, फिरून ये. तळ्याला पूर्ण वळसा घालायचा, अर्ध्यातून परतायचं नाही."

टाचणी हे नाव ताईनं पाडलेलं. अंगानंही तशीच, जिभेनंही. तिच्यानंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्या नावानं हाक मारली.

"तुम्ही का नाही येत?" तर म्हणे गुडघा दुखतो. आत्ता आत्तापर्यंत जिना दडादडा उतरत होते.

गेले एकदाची. तळं आहे तिथंच आहे. बदकं आहेत. एक म्हातारा उलटा चालत होता, तब्येतीसाठी. म्हटलं चला, आपल्यापेक्षा वाईट अवस्थेत लोक आहेत.

१६ मार्च

चालले. जेवले. झोपले नाही.

२२ मार्च

गठ्ठे येतायत. रोज एक. मीही रोज एकच कोट शिवते, पुरवून पुरवून. हॉटेलचा माणूस फोनवर कुरकुरला. कुरकुरू दे.

कडा बघवत नाहीत. कात्री सरळ गेलेलीच नाही, थांबून थांबून चाललीय. खडूची रेघही जाड. ताईची रेघ केसासारखी असायची. हातात जोर नसणार तेव्हा. उभं राहवत नव्हतं आणि तरी ही बया कापत बसली, मी रिकामी बसू नये म्हणून! कडांवरून हात फिरवला. म्हटलं, "पुरे गं आता, दमलीस." डॉक्टरीणबाईंनी दोन शब्द बोलायला सांगितलेत. कापडाशी बोलू नका असं काही म्हणाल्या नाहीत.

भाऊजी हल्ली रात्री खालीच जेवतात. आज मी भाजीत मीठ घालायलाच विसरले. ते मुकाट्यानं जेवले. माझ्या मनाला आपलं तेही लागलं. ताई असती तर दोघांनाही सोललं असतं.

२९ मार्च

रात्रभर झोपले. जाग आली तेव्हा ऊन पायावर. आधी बरं वाटलं, मग लाज वाटली. बहीण गेलीय आणि ही घोरतेय! फिरायला गेले तर उलटा चालणारा म्हातारा म्हणाला, "आज उशीर?" जगात कुणीतरी माझी वाट बघतं म्हणजे.

४ एप्रिल

आजच्या गठ्ठ्यात दोन्ही बाह्या डाव्या.

आधी वाटलं माझंच डोकं फिरलंय. कापडाची सुलट बाजू वर करून एकीवर एक ठेवून पाहिल्या, मुंढ्याचा, म्हणजे खांद्याला जोडायचा, खोलगट भाग दोन्हींचा एकाच बाजूला. असं ताईचं कधी झालं नाही, ताप असतानाही नाही. म्हणजे शेवटी शेवटी तिला डावं-उजवंही उमजत नव्हतं. आणि आम्हाला हसून म्हणायची, मला काय धाड भरलीय.

बाह्या तोंडाशी धरल्या आणि रडू आलं एकदाचं. काजवाली कोट न्यायला आली होती, ती बाजूला बसली. म्हणाली, "रड बाई. कोट कुठं पळून जात नाहीत."

५ एप्रिल

बाह्या घेऊन वर गेले. वाटलं, हे एकटीनं पोटात ठेवू नये, भाऊजींनाही कळू दे ती किती त्रासात होती.

म्हटलं, "ताईला शेवटी काही कळत नव्हतं हो." बाह्या पुढं केल्या.

 भाऊजी खाली बसले. "ते तिचं नाही," म्हणाले. "तिनं तीन कापले होते. त्यापुढचे माझे."

तू तळ्यावर गेलीस की कापायचो, म्हणाले. कात्रीचा आवाज खाली जातो ना. इतकी वर्षं तिच्यासाठी कापडाचं दुसरं टोक धरून उभा राहिलो, बघून बघून आलं थोडं. पण परवा कापडाचं थान संपत आलं, तुकड्यातून एकेक बाही काढली, आणि दुसरीच्या वेळी साचा उलटा करायचा राहिला.

"का पण?"

"तूच म्हणालीस, संपलं की मशीन बंद." नजर वर करेनात. "खालून मशीन ऐकू आलं नाही तर मी इथं करू काय, टाचणे?"

 मी म्हटलं, "मला फसवलंत." आणि बाह्या त्यांच्या टेबलावर टाकून खाली आले.

६ एप्रिल

फिरायला नाही. जेवले नाही. मशीनवर झाकण. तीन कोट ताईचे होते आणि ते मी कोणते म्हणून न बघता शिवून देऊन टाकले. उरलेले दिवस एका बसड्रायव्हरच्या कापण्यावर हात फिरवत "दमलीस गं" करत बसले. काय हे!

वरून काही आवाज नाही.

८ एप्रिल

भाचीचा फोन, एवढ्या लांबून. "मावशी, बाबा फोनवर नीट बोलत नाहीत. भांडलात का? कापायला लागल्यापासून झोप लागते म्हणाले होते गं. मला म्हणाले, हात चालला की डोकं गप्प बसतं."

म्हणजे हिलाही ठाऊक होतं. सगळ्या घराला ठाऊक, एक मी सोडून.

फोन ठेवला आणि बसले. राग कुठवर पुरवायचा? कोट पुरवले तसा? त्या दमलेल्या कडा खरंच दमलेल्या होत्या. माणूस तेवढा मी चुकीचा धरला.

ताट वाढून वर पाठवलं. काजवाली सांगत आली, रिकामं झालं.

९ एप्रिल

उजाडलं, पण दारात कोणी हाक मारायला आलं नाही. एकटीच तळ्यावर गेले आणि अर्ध्यातून परत फिरले.

सरळ वर. भाऊजी टेबलाशी बसलेले, पुढ्यात त्या दोन बाह्या. म्हटलं, "उठा. टोक धरा." ताईची कात्री खिळ्यावरून काढली. जड आहे, मला वाटलं होतं त्याहून.

नवीन थानातून दोन बाह्या कापल्या. दोन्ही उजव्या.