गुडघ्यांची सभा

१ मार्च, रविवार

फज्जा! एकच काका आले, तेही मागच्या आठवड्यात हॉलमध्ये विसरलेली छत्री न्यायला.

समुपदेशक बाई बिचाऱ्या सगळ्या खुर्च्या मांडून बसलेल्या. इथेच जन्मल्या, त्यामुळे आपली भाषा मोडकीतोडकी, पण बोलतात हौसेने. दारावर त्यांनी भलीमोठी पाटी लावली होती — ‘मानसिक आरोग्य : आपल्या कुटुंबांसाठी’. ती वाचून कोण आत शिरणार? या परक्या गावात आपली मोजकी घरं. एकाने पाहिलं की गावभर बोभाटा!

आमच्या मंडळाचे अध्यक्ष बाहेरूनच म्हणाले, “आपल्यात असलं काही नसतं. ही इथल्यांची थेरं.”

५ मार्च, गुरुवार

बाई माझ्या शिवणाच्या दुकानात आल्या. मी कोटाच्या बाह्या उसवत होते. या रविवारीही कुणी आलं नाही तर त्यांचं ऑफिस ‘गरज नाही’ म्हणून सगळं बंद करणार म्हणे. मग आपल्या भाषेत ऐकून घेणारं कुणी उरणार नाही. रडकुंडीला आल्या होत्या.

म्हटलं, “बघते मी.”

७ मार्च, शनिवार

नवी पाटी मी लिहिली — ‘गुडघेदुखी आणि झोप न लागणे. मोफत सल्ला. चहा मिळेल.’ बाईंना पत्ता नाही. आणि अगदीच खोटं कुठे आहे? झोप आहे की त्यात!

सासूबाईंनी विचारलं, “गुडघ्याचा डॉक्टर आहे का गं?”

“त्याच्याही वरचा!”

८ मार्च, रविवार

हॉल तुडुंब! अध्यक्ष पहिल्या रांगेत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तयार. बाईंचा चेहरा पांढराफटक. मी चहाच्या किटलीआड.

बाई उभ्या राहिल्या. ‘फार काळजी वाटते का’ असं विचारायचं असावं. तोंडून निघालं, “तुम्हाला वेड लागतं का?”

दोघं-तिघं तर चपला शोधू लागले. आणि मागून सासूबाई — “लागतं की! सुनेनं भांडी वाट्टेल तिथे ठेवली की लागतं.”

असला हशा! बाईही हसल्या. म्हणाल्या, “गुडघ्याचं मला काही कळत नाही. झोप का लागत नाही, ते विचारू?”

अध्यक्ष ताडकन उठले. “ही शुद्ध फसवणूक आहे!”

“आधी पँट खाली करा हो,” सासूबाई म्हणाल्या, “मग भाषण करा.”

ते खाली बसले, पण सासूबाई उभ्याच. म्हणाल्या, “मला नाही लागत झोप. इथे आल्यापासून दिवसभर खिडकीशी बसते. शेजारीण चांगली आहे, पण तिला माझं कळत नाही, मला तिचं. भांडायलासुद्धा कुणी नाही मला.”

या वेळी कुणी हसलं नाही. मग कोपऱ्यातली एक बाई बोलली. मग छत्रीवाले काका. चहा पार निवला.

सगळे पांगल्यावर अध्यक्ष घुटमळत बाईंपाशी आले. हळूच विचारलं, “इथे बोललेलं बाहेर जात नाही ना?”

९ मार्च, सोमवार

ह्यांना सगळं सांगितलं. “आई बोलली? आमची आई?” एवढंच म्हणाले आणि टीव्हीकडे बघत बसले. टीव्ही बंद होता.

१३ मार्च, शुक्रवार

ऑफिसने मान तुकवली! आता बाई दर बुधवारी बसणार, एकेकाला भेटणार.

सासूबाई म्हणाल्या, “फोन लावून दे. वेळ मीच घेते.” आणि मला स्वयंपाकघराबाहेर काढलं. काय तो रुबाब! बाहेर उभी राहून मी पदरात — नव्हे, ओढणीत — तोंड खुपसून हसत होते.

१८ मार्च, बुधवार

सासूबाईंना घेऊन हॉलवर गेले. बाईंनी दार उघडून नाव पुकारलं. माझं!

म्हटलं, “आईंची वेळ आहे ना?”

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. “तुझीच घेतलीय. तुझी आई गेल्यापासून आंघोळीला गेलीस की नळ सोडून रडतेस. जगाला हसवतेस, पण भिंत पातळ आहे गं. जा आत. मी बसते इथे.”

आत गेले. एकही विनोद सुचला नाही.