वेशीवरचा खुळखुळा

प्रिय अलेडिस,

देव तुला आणि आपल्या चिमुकल्या लेकीला, गोडलेला सुखात ठेवो. हे पत्र इथले पाद्री लिहीत आहेत. मी कागदाला बोटसुद्धा लावलेलं नाही, तेव्हा बिनघोर हातात घे.

महारोग्यांच्या या आश्रमात माझं बरं चाललंय. पाव आणि बिअर पोटभर मिळते. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा बर्टोल्फ म्हणतो, "तुझ्या पायांवर दफनभूमीची माती टाकून गावानं तुला मेलेला ठरवलं ना? मग मेलेल्या माणसाला एवढी भूक लागते होय रे?" आम्ही खूप हसलो.

तुझा खोकला कसा आहे? जमीनदारानं घर तुझ्याकडे राहू दिलं का?

परवा जत्रेच्या दिवशी ब्रूज शहराच्या वेशीवर मी भिक्षेला उभा होतो. लोकांनी लांब व्हावं म्हणून आमच्या हातात लाकडी खुळखुळा असतो. गर्दीतून तुम्ही दोघी आलात. माझ्या तोंडावर फडकं होतं, तू ओळखलं नाहीस. तुम्ही जवळ येऊ नये म्हणून मी खुळखुळा जोरजोरात वाजवला, तर गोडले हसली आणि टाळ्या पिटत माझ्याकडेच धावली. तू तिला खस्सकन ओढलंस. बरं केलंस. पुन्हा दिसलो तरी असंच ओढ.

तुम्ही गेलात तरी मी वाजवतच राहिलो. लोकांना लांब करायला नव्हे गं. ती एकदा वळून हसेल म्हणून.

अजूनही तुझाच (पाद्री म्हणतात, असं लिहायला हरकत नाही),
वाऊटर