बाबांसाठी पूर्वज

३ मार्च
थोरल्या जाऊबाईंनी त्यांच्या माहेरची वंशावळ फ्रेम करून हॉलमध्ये लावली. सात पिढ्या, दोन न्यायाधीश. मला म्हणाल्या, "तुझ्या बाबांच्या आधी तुमच्याकडे कोणी होतं की नाही गं?" संताप आला. तीस तारखेला बाबा पंच्याऐंशीचे होतील. त्यांना पूर्वजच भेट देणार. विचारायचं काही नाही, सरप्राइज. वाचनालयात जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर फुकट बघता येतात. आठ दिवसांचं काम. मॅट्रिकला इतिहासात मी शाळेत पहिली होते.

५ मार्च
कीबोर्ड चिकट. पदराने पुसला, आता पदर चिकट. बाबांच्या आजोबांच्या नावाचा माणूस नगरपालिकेच्या जुन्या नोंदवहीत सापडला. धंदा : दारूच्या गुत्त्यावर नोकर. शी! हे आमचे नव्हेत.

८ मार्च
तेच नाव कोर्टाच्या यादीत. शेजाऱ्याच्या अंगावर खरकटं पाणी ओतलं म्हणून दंड. असली भांडकुदळ माणसं आमच्यात नाहीत. कालच शेजारणीला जिन्यात ओरडून हेच सांगितलं.

११ मार्च
विवाहाच्या नोंदी. तेच नाव, एका वर्षात दोन बायका. देवाचं नाव घेऊन पान बंद केलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "काकू, तिन्हीकडे पत्ता एकच आहे. माणूस एकच दिसतो." म्हटलं, बरं झालं, एका फुलीत काम झालं.

१७ मार्च
देव पावला! दुसऱ्या जिल्ह्यात तेच नाव-आडनाव. शाळा तपासणीस! निर्व्यसनी असणारच, सहीवरूनच कळतं. एकच मुलगा, पुढे त्याची नोंद नाही. म्हणजे तो आमच्याकडेच आला. मुलाचं नाव जुळत नाही, पण घरात वेगळं म्हणत असतील.

२४ मार्च
तक्ता पूर्ण. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, तीन रंगांत. पाच पिढ्या, एक डाग नाही. हे म्हणाले, "तुझ्या माहेरची वाटत नाहीत गं. फार शांत दिसतात." यांच्या तोंडी लागत नाही.

३० मार्च
सगळे जमले होते, जाऊबाईसुद्धा. बाबांनी चष्मा पुसून तक्ता वाचला. "हे तपासणीस कोण?" म्हटलं, तुमचे आजोबा. म्हणाले, "माझे आजोबा गुत्त्यावर होते. मला खांद्यावर घेऊन शीळ घालत हिंडायचे. दोघी आज्या मला भरवायला भांडायच्या." थोडा वेळ हसत बसले. मग म्हणाले, "बाळ, यातलं माझं नाव खोड. तुझं राहू दे, तुला आवडलेत ना ते लोक." जाऊबाईंना नेमका तेव्हाच खोकला आला.

३१ मार्च
शाई खोडली जाईना. बाबांच्या नावावर पांढरा कागद चिकटवला. वर तपासणीसांचा मुलगा, खाली मी, मध्ये कोरी चौकट. तिथे कोण, हे जाऊबाई विचारणारच. कोणीतरी बरा माणूस घालायला हवा. सकाळपासून पेन घेऊन बसलेय. सुचत नाही.