एकतेची चोवीस तारीख

नेमुनास नदी, डावा काठ
८ डिसेंबर १९०५

चि. सौ. उर्शुले हिस, अ. उ. आ.

विल्नियसच्या महासभेहून काल सुखरूप परतलो. दोन हजार लिथुआनियन एका छताखाली, आणि मारामारी नाही. एकता आणि स्वायत्तता, दोन्हींसाठी मी आणि तुझ्या नवऱ्याने, बाल्ट्रुसने, शेजारी उभं राहून हात वर केले. नंतर तो माझ्या गळ्यात पडून इतका रडला की कोट वाळत घालावा लागला.

बाबा गेल्यापासून तीन वर्षं आपण नाताळच्या आदल्या संध्याकाळी एका मेजावर बसलो नाही. आता एकता झालीच आहे, तर आईला घेऊन चोवीसला इकडे या. चोवीस म्हणजे आमची; तुमच्या काठाची, झारच्या जुन्या कॅलेंडरची तारीख तेरा दिवस शिळी असते.

लोभ आहेच, तो वाढव.
ताडासदादा

उजवा काठ
२८ नोव्हेंबर १९०५

ती. ताडासदादास, शि. सा. न. वि. वि.

तुझं आठ डिसेंबरचं पत्र आज अठ्ठावीस नोव्हेंबरला मिळालं. टपाल इतकं वेगवान कधी नव्हतं.

हे म्हणतात, स्वायत्तता म्हणजे एका काठाने दुसऱ्यावर तारीख लादायची नाही. तेव्हा तुम्हीच आमच्या चोवीसला या. गावच्या समितीने तसा ठराव केला आहे. जेवायला ठराव कशाला, असं मी विचारलं, तर मलाच गप्प बसवलं. आईच्या पायांची सूज वाढली आहे. यंदाचं शेवटचं, असं म्हणते आणि तू कधी येणार ते रोज विचारते. तू मोठा आहेस, मोठेपणा घे.

रागावू नकोस, माया असू दे.
उर्शुले

डावा काठ
१४ डिसेंबर १९०५

चि. सौ. उर्शुले हिस, अ. उ. आ.

आमच्या समितीने तडजोड काढली: दोन्ही काठांनी साडेसहा-साडेसहा दिवस सरकायचं. पण मग दिवस भरदुपारी सुरू होतो. त्यावरून मास्तर रुसले आणि अध्यक्षपद सोडून घरी गेले. नवा अध्यक्ष मिळेपर्यंत मला कुठेही जेवायला जाता येत नाही. आईसाठी जीव तुटतो गं, पण विल्नियसला हात वर करून आलेला मीच झुकलो, तर गाव तोंडात शेण घालेल. तिला समजाव.

तुझा दादा

सोमवार

ताडास आणि उर्शुले, दोघांना आशीर्वाद.

तारीख घालत नाही. तुमच्या तारखा तुम्हाला लखलाभ. झारची आपल्या लिपीवर बंदी असताना चरख्याशी बसवून तुम्हाला चोरून लिहायला-वाचायला मी शिकवलं, ते असले ठराव लिहायला नव्हे.

वार दोन्ही काठांना एकच असतो, हे दोन हजारांत कुणाला सुचलं नाही. येत्या गुरुवारी पहिली चांदणी दिसली की मी जेवायला बसणार. ओटची कांजी आणि खसखशीचं दूध करते आहे. गुरुवार कुठल्याच काठाची चोवीस नाही; फादरना काय बोलायचं ते बोलू दे.

बाबांचं रिकामं ताट नेहमीसारखं मांडीन. पुढच्या वर्षी दोन रिकामी ताटं मांडाल, तेव्हा चोवीस कुठली यावर हवं तितकं भांडा.

आई