कंपनीचं सॉफ्टवेअर काढलं

प्रिय,

हा शब्द सवयीने लिहिला गेला, खोडत नाही.

मंगळवारी कॉम्प्युटर पुन्हा अडकला. तू बसवून दिलेलं इंटरनेट कंपनीचं ते सॉफ्टवेअर उघडलं, की पडदा निळा होऊन गोल गोल फिरत राहायचा. तुला फोन केला तर म्हणालास, मीटिंगमध्ये आहे, तू कशाला हात लावू नकोस. एकेचाळीस वर्षं कोर्टात टायपिंग केलं मी, न्यायाधीश बोलतील त्या वेगाने. आणि तू मला हात लावू नकोस म्हणतोस. मग मी थेट कंपनीत तक्रार नोंदवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगी आली, पाठीवर पिशवी, कमरेला पक्कड. तिने पडदा पाहिला आणि विचारलं, "मावशी, हे लागतंच असं कुणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हटलं, माझ्या मुलाने. तिने भिंतीवरच्या डबीतून एक वायर थेट कॉम्प्युटरला जोडली, करारनाम्यावर छापलेलं नाव आणि पासवर्ड माझ्याकडूनच टाकून घेतला, आणि इंटरनेट सुरू झालं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हे सॉफ्टवेअर कंपनी फुकट देते, घेतलंच पाहिजे असं नाही, हेही तिनेच सांगितलं. दोन वर्षं तू मला सांगत होतास की त्याच्याशिवाय लाइनच चालत नाही.

ती गेल्यावर ते काढायला मी स्वतः बसले. त्याने मालकाचा पासवर्ड मागितला. मी तुझी जन्मतारीख टाकली, पहिल्याच फटक्यात लागली. तू कुणावर जीव टाकतोस हे आईला माहीत असतं. आत 'कुटुंब सुरक्षा' नावाचं पान होतं. मी कधी काय उघडलं, कुणाला मेल केली, याचा हिशोब दर रविवारी तुझ्याकडे जात होता. गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल मी वाचत होते हे तुला कसं कळलं, याचं मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं. पोराला आईची काळजी आहे, असं शेजारणीलाही सांगून आले होते.

तेवढंच असतं तर मी चार शब्द सुनावून गप्प बसले असते.

त्याच पानावर 'रोखलेले पत्ते' अशी यादी होती. यादी कसली, एकच पत्ता. तुझ्या बहिणीचा.

बाबा गेल्यावर तुम्हा दोघांचं घरावरून वाजलं, ती निघून गेली. त्यानंतर तू मला सांगत आलास की तिला आपलं तोंड बघायचं नाही. नव्या कनेक्शनबरोबर घरचा नंबर बदलला, तो तिला कळवलाय म्हणालास. मी तिला मेल लिहायचे, उत्तर यायचं नाही. मी मनाशी म्हणायचे, एवढी कशी दगडाची झाली. आता कळलं, माझी एकही मेल घराबाहेर पडली नव्हती.

तिच्या एकोणीस मेल आत पडून होत्या. सगळ्या वाचल्या, जेवायला उठले नाही. नवव्या मेलमध्ये तिने लिहिलंय, गर्भाशय काढायचं ठरलंय, तू ये ना, मला भीती वाटते. पुढच्यात लिहिलंय, दादाला फोन केला, तो म्हणाला आई यायला तयार नाही. ऑपरेशनच्या दिवशी तिच्याजवळ कुणी नव्हतं. कागदावर सही शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नवऱ्याने केली.

शेवटच्या मेलमध्ये तिचा नवा नंबर होता, त्यावर मी काल तिच्याशी बोलले. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तू खरंच नाही म्हणालीस."

हे पत्र तुझा खुलासा मागायला लिहिलेलं नाही. रविवारी तुझ्याकडे माझा हिशोब येणार नाही आणि तू दार वाजवायला येशील, म्हणून आधीच कळवते. मी घरी नसेन. तिच्याकडे चालले आहे, परत कधी येईन ते ठरवलेलं नाही. मागे येऊ नकोस. तिला काय सांगायचं ते तुला सुचलं, तर कागदावर लिहून पाठव. तिला दाखवायचं की नाही, ते मी ठरवणार नाही. तुझं पाकीट मी न फोडता तिच्या हातात देईन.

तुझीच, त्याला इलाज नाही,
आई